सोशीक पणजी

खापरपणजीचं नाव काय, असं विचारलं की भलेभले गप्प होतात. खापरपणजोबा मात्र कुलवृत्तांतात सापडतात: मूळ गाव कुठलं, चाकरी कुठे, मुलगे किती. श्राद्धात माता, पितामही, प्रपितामही यांची नावं घेतात खरी. पण तीही तीनच पिढ्यांची आणि सासरची. माहेरचं नाव लग्नातच गेलेलं असतं. ताटात तांदूळ पसरून नवऱ्यानं अंगठीनं नवं नाव लिहिलं, की जुनं संपलं. लालबाग-परळच्या घरांत तर कुलवृत्तांतही नसतो. गिरणीत राबलेल्या बाईचं नाव असलंच तर मस्टरवर.

मग एकोणिसाव्या शतकातली बाई कागदावर येते कधी? मुंबईच्या जयंतीबाई सतराव्या वर्षी विधवा झाल्या. नवऱ्याची मिळकत त्यांनी लहानग्या मुलीच्या नावे केली आणि पुढे डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला. हे आज आपल्याला ठाऊक आहे, कारण त्यांची लेक कोर्टात उभी राहिली. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या रखमाबाईंनी नांदायला जायचं नाकारलं. पती दादाजी भिकाजींनी 1884 साली मुंबई हायकोर्टात दावा लावला. 1885 मध्ये न्या. पिन्हे यांनी तो फेटाळला. अपिलानंतर 1887 मध्ये न्या. फॅरन यांनी फर्मावलं: नांदायला जा, नाहीतर सहा महिने कैद भोगा. रखमाबाईंनी कैद पत्करायची तयारी दाखवली. अखेर 1888 मध्ये 2,000 रुपयांवर तडजोड झाली. पुढे त्या लंडनला शिकून डॉक्टर झाल्या.

समजा, त्या मुकाट्यानं नांदायला गेल्या असत्या तर? दादाजींच्या वंशावळीत एका ओळीपुरत्या उरल्या असत्या आणि पणतवंडांनी कौतुकानं म्हटलं असतं, "आमची पणजी फार सोशीक हो!"

हे वाक्य आपल्या घरोघर आहे आणि ते कुणी तपासलेलं नाही. दप्तरात बाईचा दावा नाही, म्हणून तिची तक्रारच नव्हती असं आपण धरून चालतो. पण कोर्टाची पायरी चढायला मिळकत लागते, पाठीशी उभा राहणारा सावत्र बाप लागतो. ते नसलेल्या बायकांचा नकार घरातच जिरला.

म्हणून घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईशी बोलावं. सासरी पणजीला कुठल्या गावची म्हणून हाक मारायचे, हे तिला आठवत असतं. त्यावरून माहेर सापडतं. पणजी सोशीक होती, असं ती म्हणालीच, तर तिथे थांबू नये. पुढचं विचारावं: पण अडून कशावर बसायची?