ज्यांच्या नावाचा दगड नाही

मुंबईत शिवडीच्या ख्रिस्ती दफनभूमीत पूर्वजांच्या कबरी शोधीत दूरदेशींची माणसे येतात. बोरीबंदराच्या स्थानकाचे शिल्पकार फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स १९०० साली वारले, ते तेथेच विसावले आहेत. अशा जागी दगडच कुळाचा साक्षीदार होतो. कोणाची पत्नी, कोणाची कन्या, हेही तो सांगतो. परंतु जुन्नर तालुक्यातील आण्याच्या एखाद्या शेतकरी गृहस्थास आपल्या पणजीचा शोध घ्यावयाचा झाला, तर त्याने कोठे जावे? गावात रंगदासस्वामींची समाधी आहे, तिच्या दर्शनास लोक लोटतात. साधुपुरुषाची समाधी बांधावी आणि संसार चालविणाऱ्याची राख पाण्यात सोडावी, ही आपली रीत. गोत्रनाव टाकून गेलेल्या संन्याशाची जागा दाखविता येते. ज्याने घर राखिले त्याची नाही!

या रीतीत औदार्य आहे, असे आम्हांस वाटते. अग्नी पाटलास आणि त्याच्या गड्यास सारखेच नाहीसे करतो. मेल्यावर कोणी कोणापेक्षा उंच दगडाखाली निजत नाही. परंतु जे अग्नीने सोडिले ते कागदाने धरिले, आणि कागद अग्नीइतका निःपक्षपाती नाही. त्र्यंबकेश्वरी तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यजमानांच्या पिढ्या लिहिलेल्या असतात. बाप, आजा, पणजा, त्यांचे भाऊ यांची रांग तेथे लागते. स्त्रियांच्या वाट्यास बहुधा कोराच कागद येतो. नवल हे की, श्राद्धविधीने ही चूक केलेली नाही. तेथे पित्याच्या तीन पिढ्यांबरोबर माता, पितामही आणि प्रपितामही यांचाही नामोच्चार आहे. म्हणजे वर्षातून एकदा जे नाव तोंडाने घ्यावयाचे, ते लिहून ठेवावे असे मात्र कोणास वाटले नाही.

याच तालुक्याच्या पश्चिम कडेस नाणेघाटाच्या लेण्यात सातवाहन घराण्यातील व्यक्तींच्या मूर्ती कोरलेल्या होत्या. मूर्ती नष्ट झाल्या. वरची नावे मात्र दोन हजार वर्षे टिकली, आणि त्यांत राजा सातकर्णीबरोबर राणी नागनिकेचेही नाव आहे. राणीस दगड मिळाला. ज्वारी-बाजरी पेरणाऱ्या आण्याच्या पठारावरील स्त्रीस तो कोण देणार?

कोणी म्हणेल, मेलेल्यांस नावाची काय गरज? त्यांस नसेल, पण वंशावळ काढून जो कुळाचा अभिमान मिरवितो, त्याने निम्मे कूळ गाळून मिरवावे हे न्यायाचे नव्हे. आजकाल जातीच्या दाखल्यासाठी आणि वारसासाठी वंशावळी पुष्कळ काढल्या जातात. त्यांत काम भागले की शोध थांबतो. आमचे म्हणणे, तो थोडा पुढे न्यावा. तलाठ्याच्या दप्तरातील फेरफार उघडून पाहावेत. बाप वारल्यावर वारस म्हणून मुलांबरोबर मुलींचीही नावे तेथे लागतात, विशेषतः १९५६ च्या वारसा कायद्यानंतर. पुढच्या एखाद्या नोंदीत, भावांच्या नावे हक्क सोडल्याचे कारण देऊन, तीच नावे कमी केलेली आढळतात. अनेक घरांत मागल्या पिढीच्या लेकीचे नाव सरकारी कागदावर सापडते ते त्या दोन नोंदींपुरतेच, आणि दुसरीखाली तिचा अंगठा असतो.