गुरुवारचे चिंतन : पाऊल कसे घडते

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



वाडीला गेलो की आपण मनोहर पादुकांपुढे डोकं टेकतो, गाणगापूरला निर्गुण पादुकांपुढे. आपली सगळी भक्ती पावलांपाशीच. म्हणून आज पावलाबद्दलच बोलू.

कारणही तसंच आहे. बेळगावकडच्या आपल्या एका कुटुंबात मुलगा झाला. दोन्ही पावलं आत वळलेली. बारशाआधीच सुनेला विचारणं सुरू झालं : ग्रहणात विळीला हात लावला होतास का? कुणी पूर्वकर्म काढलं. विचारणारे आपल्यातलेच होते. आम्हीही गप्प बसून ऐकलं, हे लपवत नाही.

आता पाऊल घडतं कसं, ते पाहा. गर्भोपनिषदात पाय तिसऱ्या महिन्यात सांगितले आहेत; डॉक्टर सुरुवात त्याच्याही आधीची सांगतात. गर्भ राहिल्यापासून चौथ्या आठवड्याच्या शेवटी, 28 व्या दिवसाच्या आसपास, पायांचे कोंब दिसू लागतात. हातांचे त्याआधी एक-दोन दिवस. तेव्हा गर्भ तांदळाच्या दाण्याएवढाही नसतो. पाळी चुकून जेमतेम पंधरा दिवस झालेले. कित्येक आयांना अजून कळलेलंही नसतं!

सहाव्या आठवड्यात कोंबाच्या टोकाला चपटी वल्ह्यासारखी चकती होते. बोटं वेगळी नाहीत, सगळं एकसंध. मग बोटांच्या मधल्या पेशी आपणहून मरतात, आणि त्या गेल्या म्हणून आठव्या आठवड्याअखेर पाच बोटं सुटी होतात. आपल्या बोटांमधली ती रिकामी जागा कुणाच्या तरी जाण्याने झाली आहे. आम्ही हे वाचलं तेव्हा बराच वेळ पुढे वाचवेना.

याच दिवसांत पाय आतल्या बाजूला सुमारे 90 अंश वळतात, हात बाहेरच्या बाजूला. त्यामुळे कोपर मागे गेलं आणि गुडघा पुढे आला. गुडघा पुढे आहे म्हणून तर आपण देवापुढे तो टेकू शकतो.

या सगळ्यात आईने काय करायचं होतं? काहीच नाही. हजारात साधारण एका बाळाचं पाऊल असं वळतं, त्याला क्लबफूट म्हणतात. बहुतेक वेळा नेमकं कारण सापडत नाही. विळी हे मात्र कारण नाही. कर्माचा हिशेब सद्गुरूंकडे, तो सुनेच्या ओटीत टाकायचा अधिकार आपल्याला कुणी दिला?

उपाय आहे, आणि चांगला आहे. डॉ. पोन्सेटी यांच्या पद्धतीने पाऊल हळूहळू सरळ करत दर आठवड्याला प्लास्टर बदलतात, साधारण पाच-सहा वेळा. बऱ्याच बाळांना टाचेमागे छोटासा छेद लागतो. पुढे पट्टीला जोडलेले बूट. पहिले तीन महिने जवळजवळ दिवसभर, नंतर झोपेत, चार वर्षांचा होईपर्यंत. खरी परीक्षा इथेच. बाळ रडतं, आजीला दया येते, बूट निघतात आणि पाऊल पुन्हा वळतं. आजीबाईंनो, तेवढी दया आवरा.

सोमवारी बाळाचं तिसरं प्लास्टर आहे. सुनेबरोबर दवाखान्यात कोण जाणार, ते रविवारपर्यंत ग्रुपवर कळवावे.

॥ अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ॥