टाकीतला मात्स्यन्याय

अमिरातीत, रास अल खैमातल्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये कुत्रा पाळायला घरमालक सहसा राजी नसतो. माशांच्या टाकीला मात्र कुणाची हरकत नसते. सिरॅमिक, सिमेंट आणि औषधांच्या कारखान्यांमुळे इथे येऊन स्थिरावलेल्या मराठी घरांतही ती दिसते. सुरुवात गप्पींनी होते, मग ऑस्कर येतो, अरोवाना येतो आणि हौस वाढली की रेडटेल कॅटफिश. सुट्टीच्या संध्याकाळी पाहुणे जमले की पिशवीतले जिवंत गोल्डफिश टाकीत सुटतात आणि मोबाइल बाहेर निघतात. कुणी नाक मुरडलंच तर उत्तर तयार असतं: मोठा मासा लहान माशाला खातो, हा निसर्गच आहे.

हे उत्तर वाटतं तितकं पक्कं नाही. निसर्ग म्हणायचा तर कुठला? गोल्डफिश चीनमध्ये माणसाने शेकडो वर्षांच्या निवडीतून घडवलेला कार्पच्या कुळातला मासा. सिल्व्हर अरोवाना ॲमेझॉनच्या खोऱ्यातला. जिवंतपणी या दोघांची गाठ घालून दिली ती पाळीव माशांच्या व्यापाराने. अरोवानाचं तोंड वरच्या दिशेला उघडतं, कारण पाण्यावर आलेल्या फांद्यांवरचे किडे आणि कोळी उडी मारून टिपण्यात तो तरबेज असतो. रेडटेल कॅटफिश मासे खातो, तसे खेकडे खातो आणि पाण्यात गळून पडलेली फळंही खातो. ऑस्करच्या आहारात किडे आणि झिंग्यांचा वाटा मोठा. रोज ओंजळभर गोल्डफिश हा यांच्यापैकी एकाचाही नैसर्गिक आहार नाही.

शरीराचा हिशेबही जिवंत खाद्याच्या बाजूने लागत नाही. गोल्डफिश आणि त्याच्या कुळातल्या अनेक माशांत थायमिनेज नावाचं विकर असतं. ते ब-१ जीवनसत्त्व नष्ट करतं. महिनोन्‌महिने तेच खाणाऱ्या शिकारी माशाच्या मज्जासंस्थेवर त्याचा परिणाम होतो. खाद्य म्हणून विकले जाणारे मासे स्वस्त असतात ते दाटीवाटीत, कमीत कमी देखभालीत वाढवलेले असतात म्हणून. त्यांच्यासोबत पांढऱ्या ठिपक्यांचा रोग येतो, अँकर वर्म येतो, जिवाणू येतात. पालक मात्र नव्या पाण्याला किंवा बिघडलेल्या फिल्टरला दोष देत बसतो. खाद्यमासे गोठवल्याने बरेचसे परजीवी मरतात, सगळे जिवाणू मरत नाहीत. गोठवलेल्या खाद्यातही ब-१ कमी होतं, म्हणूनच मोठ्या मत्स्यालयांत शार्कला द्यायच्या मृत माशांच्या पोटात जीवनसत्त्वाच्या गोळ्या भरतात. मृत म्हणजे आपोआप चांगलं, असंही नाही. गाईबैलाचं हृदय स्वस्त आणि सोयीचं म्हणून रोज घातलं तर त्यातली चरबी माशाला नीट पचत नाही आणि यकृतात साचते.

भक्ष्याचं काय? कार्ल फॉन फ्रिश या शास्त्रज्ञाने 1938 मध्ये दाखवून दिलं की मिनो माशाच्या जखमी त्वचेतून एक द्रव्य पाण्यात मिसळतं आणि त्याचा वास लागताच आजूबाजूचे मिनो घाबरून पांगतात. गोल्डफिशही याच मोठ्या गटातला. नदीत या इशाऱ्याचा उपयोग असतो, कारण पळायला जागा असते. चार फुटांच्या टाकीत तो इशारा पाण्यात भरून राहतो आणि पळायला कुठेच नसतं. 2003 मध्ये लिन स्नेडन आणि सहकाऱ्यांनी ट्राउट माशाच्या तोंडाभोवती वेदना टिपणारे चेतातंतू असल्याचं मांडलं. माशाला आपल्यासारखं दुःख होतं का, यावर अजून वाद आहे. पण आपण निर्धास्त व्हावं असा निकाल माशाच्या विरुद्ध लागलेला नाही, एवढं नक्की. शिकारी मासा भक्ष्य एका घासात गिळतो, हे नेहमीच घडत नाही. अर्धवट फाटलेला गोल्डफिश फिल्टरच्या पाइपमागे दोन-दोन दिवस तग धरतो.

मोठ्या माशाने लहान माशाला खावं, या न्यायाला आपल्याकडे मात्स्यन्याय म्हणतात. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात त्याचा उल्लेख ज्या संदर्भात येतो तो हौशी पालकाच्या सोयीचा नाही. दंड धारण करणारा कुणी नसेल तिथे मात्स्यन्याय माजतो, आणि त्याला कंटाळूनच लोकांनी मनूला राजा केलं, असं तिथे म्हटलं आहे. म्हणजे मात्स्यन्याय ही राज्यकर्ता नसल्याची खूण आहे. काचेच्या टाकीत तर राज्यकर्ता हजर असतो. पाणी किती तापायचं, दिवस कधी उगवायचा, कोण कुणाच्या शेजारी राहायचं, हे सगळं तो ठरवतो. रास अल खैमाच्या उन्हाळ्यात त्याचा चिलर बंद पडला तर टाकीतलं सगळं राज्य एका दुपारीत संपेल. एवढी सत्ता हातात असलेल्याने फक्त जेवणाच्या वेळी निसर्गाकडे बोट दाखवणं ही जबाबदारीतून सुटका करून घेणं आहे.

जिवंत खाद्याच्या बाजूने एक मुद्दा खरोखर वजनदार आहे. शिकारी माशाला शिकार करू दिली नाही तर तो मंदावतो, आणि काही मासे तर न हलणाऱ्या घासाकडे पाहतही नाहीत. नुकताच पकडून आणलेला लायनफिश तसा असतो. पण बहुतेक शिकारी मासे शिकतात. या किनाऱ्यावर ज्याला हमूर म्हणतात आणि कोकणात हेकरू, तो मासा दबा धरून झडप घालणारा, तरीही बंदिस्त पाण्यात मेलेली मासळी घेऊ लागतो. चिमट्यात कोळंबी धरून प्रवाहात हलवायची, एक-दोन दिवस उपाशी ठेवायचं, आधी जिवंत झिंगा, मग मेलेला, मग पेलेट म्हणजे दाणेदार तयार खाद्य, अशी ही शिकवणी असते. त्यासाठी धीर लागतो, आणि बऱ्याच घरांत खाद्यापेक्षा धीराचाच तुटवडा असतो. झडप घालण्याची हौस पुरवायची तर त्यासाठी गांडूळ आणि रातकिडे आहेत.

पेलेट घालणाऱ्यानेही हात धुतले असं समजू नये. पेलेटमध्ये फिशमील असतं, आणि फिशमील तारलीसारख्या लहान माशांचं होतं. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या फिशमील कारखान्यांत पुरतं न वाढलेलं मासळीचं पिल्लूही जातं, ही मच्छीमारांची जुनी तक्रार आहे. शिकारी मासा पाळला की मरण पाळणं आलंच. ते दिवाणखान्यात घडलं नाही म्हणून घडलंच नाही, असं होत नाही. मग फरक कशात उरतो? मरणाभोवती आपण काय रचतो, यात. जाळ्यातली तारली सुखाने मरत नाही, पण तिच्या धडपडीसाठी कुणी खुर्च्या मांडून बसत नाही.

भारताच्या 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने हाच फरक धरला आहे. त्यात प्राणी म्हणजे माणूस सोडून कोणताही सजीव, म्हणजे मासाही आला. कलम 11 केवळ करमणुकीसाठी एखाद्या प्राण्याला कोंडून दुसऱ्याचं भक्ष्य बनवणं गुन्हा ठरवतं. सारा भर करमणुकीवर आहे. स्वित्झर्लंडचे नियम आणखी पुढे जातात: वन्य प्राण्याचं मृत किंवा इतर खाद्यावर भागत नसेल, अशा मोजक्याच परिस्थितीत जिवंत प्राणी खाऊ घालता येतो. अमिरातीत 2016 च्या कायद्याने घरोघरी सिंह-वाघ पाळण्याच्या हौसेला आळा घातला. शिकारी प्राणी ही दिवाणखान्याची शोभा नव्हे, हा त्यामागचा विचार काचेच्या टाकीलाही लागू पडतो.

म्हणून नियम मृत खाद्याचा असावा आणि जिवंत खाद्य हा अपवाद. अपवाद करायचाच तर मासा दुसरं काही घेतच नाही म्हणून, घरी निरोगी वाढवलेल्या खाद्यमाशांचा आणि प्रेक्षकांविना. यातली शेवटची अट सगळ्यात कडक आहे. कुणी बघणारं नसेल, व्हिडिओ काढायचा नसेल, तर किती जण महिन्याला इतके पैसे आणि इतके रोग घरात आणतील? जे उरतील त्यांच्याशी निसर्गावर वाद घालता येईल.

खरा निर्णय मात्र खाद्याच्याही आधी, दुकानात होतो. बोटभर रेडटेल कॅटफिश पुढे मीटरभराहून मोठा होतो. हौसेने आणलेल्या अशा माशांचं पुढे काय होतं ते केरळमध्ये 2018 च्या पुरानंतर दिसलं, नद्यांत अरापायमा आणि ॲलिगेटर गार सापडू लागले तेव्हा. जो मासा आयुष्यभर काय खाईल आणि कुठे मावेल हे विकत घेताना सांगता येत नाही, तो न घेणं हेच पालकाचं पहिलं कर्तव्य.