साल पक्की होऊ दे

पांडुरंगा, भरपूर पीक दे असं मी आज मागत नाही. द्यायचं तेवढं तू दिलंच असशील. मातीखाली आहे म्हणून मला दिसत नाही. कुदळ कधी उचलायची, तेवढं कळू दे.

वांगं झाडावर चकाकतं, मिरची लाल होते, टोमॅटो तर कुंपणापलीकडच्यालाही दिसतो. बटाट्याचा सगळा कारभार वरंब्याच्या आत. नोव्हेंबरात परसात बेणं लावलं. कुफरी पुखराज 75 ते 90 दिवसांत येतो, कुफरी ज्योतीला 100च्या वर लागतात. पण थंडी लांबली, पाणी कमीजास्त झालं, की हे आकडे अंदाजापुरतेच उरतात. फुलांची वाट बघ, असं सांगणारेही भेटतात. आमच्या हिवाळ्यातल्या लहान दिवसांत कित्येकदा फूल येतच नाही, आणि आलं तरी बटाटा पोसू लागलाय एवढंच त्यातून कळतं.

म्हणून देवा, पिवळ्यापिवळ्यातला फरक ओळखणारी नजर दे. दुपारी मान टाकून संध्याकाळी सावरणारं झाड तहानलेलं असतं. त्याला पाणी घालायचं सुचू दे. ढगाळ हवेत पानांवर काळपट डाग पडून ती करपू लागली, तर तो करपा. पीक तयार झालं म्हणून मी खूश होऊन बसू नये. पण खालची पानं आधी, मग वरची, अशी सगळ्या वाफ्यात सारखी पिवळी पडली, दांडे आडवे झाले, की ती तुझी खूण. तेव्हा मात्र माया येऊन पाण्याचा पाइप हातात घ्यायची बुद्धी देऊ नकोस. ओल राहिली तर खाली सडायला वेळ लागत नाही.

पुढचे दिवस सगळ्यात अवघड. पाणी तोडायचं, आठ-दहा दिवसांनी पाला जमिनीलगत कापायचा आणि पुन्हा 10 ते 15 दिवस थांबायचं. वर बघायला काही नाही. खाली साल घट्ट होत असते. नातू रोज विचारतो, ‘‘आजी, आता कशाची वाट बघतेस?’’ त्याला एक बटाटा उकरून द्यावा, अंगठ्याने घासून बघ म्हणावं. साल सरकली, तर अजून थांबायचं. कोवळ्याची हौस असेल तर वरंब्याच्या कुशीत हात घालून दोन-चार काढून घेऊ देत, त्याच दिवशी रश्श्यात जाऊ देत. ते टोपलीत टिकत नाहीत. आणि उघडे पडलेले मातीने झाकायची आठवण राहू दे. उन्हाने हिरवा पडलेला बटाटा कडू होतो, त्यात विष तयार होतं. तो लेकराच्या ताटात जायला नको.

आरणच्या सावतोबांकडे तू स्वतः मळ्यात गेलास, असं सांगतात. त्यांनी 1295 मध्ये समाधी घेतली. त्यांच्या मळ्यात बटाटा नव्हता. दक्षिण अमेरिकेतला हा कंद पोर्तुगिजांबरोबर इकडे आला तो काही शतकांनंतर. एवढ्या उशिरा आलेल्याला तू एकादशीच्या फराळात साबुदाण्याशेजारी बसवलंस, आणि तांदूळ बिचारा बाहेर! असो, तुझ्या पंगतीचा मान तू ठरवणार.

माझं काय, अंदाज चुकला तर एक भाजी बिघडेल. आंबेगाव तालुक्यातल्या सातगाव पठारावर पावसाळी बटाटा घेतात, त्यांचं वर्ष बिघडतं. पाऊस हटत नाही, वाफसा येत नाही, आणि भाव चढला की साल पक्की व्हायच्या आधीच काढावं असं वाटू लागतं. कर्ज डोक्यावर असताना अंगठ्याने साल घासत बसणं सोपं नाही, विठ्ठला. येत्या भाद्रपद-आश्विनात त्यांच्या काढणीला उघडीप दे, आणि माल बाजारात पोचेपर्यंत भाव टिकव.