राष्ट्रांची मैत्री आणि भ्रमनिरास

बलाढ्य शेजारी राष्ट्राच्या वर्तनानें ज्यांचा भ्रमनिरास होतो, त्यांच्या मुखांतून पहिला शब्द निघतो तो 'विश्वासघात' हा होय. चीनसंबंधीं आपल्याकडे हा शब्द साठांहून अधिक वर्षें ऐकूं येत आहे. मित्रानें मित्रास फसविलें म्हणजे विश्वासघात झाला, हें कोणासहि कळतें. परंतु राष्ट्र हें मित्र होऊं शकतें काय? आणि होऊं शकत नसेल, तर त्यानें घात केला असें म्हणण्याचा आपणांस अधिकार कोणता? या प्रश्नाचें उत्तर शोधल्यावांचून केवळ संताप करीत बसणें विचारी माणसास शोभणारें नाहीं.

प्रथम घटना पाहूं. चीनच्या नव्या साम्यवादी राजवटीस भारतानें १९४९ च्या डिसेंबरांतच मान्यता दिली. पुढील वर्षाच्या ऑक्टोबरांत चिनी सैन्य तिबेटांत शिरलें, आणि ७ नोव्हेंबर १९५० रोजीं सरदार पटेलांनीं पंडित नेहरूंस पत्र लिहून उत्तर सीमेवरील या नव्या संकटाकडे त्यांचें लक्ष वेधलें. तथापि २९ एप्रिल १९५४ रोजीं पेकिंग येथें तिबेटशीं चालणारा व्यापार व दळणवळण यांविषयीं करार झाला, आणि एकमेकांच्या प्रदेशाचा आदर, अनाक्रमण इत्यादि पांच तत्त्वें, म्हणजेच पंचशील, त्याच्या प्रस्तावनेंत ग्रथित झालीं. त्याच वर्षीं चौ एन-लाय दिल्लीस आले. 'हिंदी-चिनी भाई भाई' ही घोषणा गाजूं लागली. इकडे १९५७ पर्यंत अक्साई चीनमधून जाणारा चीनचा रस्ता पुरा झाला होता. कराराची मुदत आठ वर्षांची होती. ती १९६२ च्या जूनमध्यें संपली, आणि २० ऑक्टोबरला चिनी सैन्यानें सीमेवर हल्ला चढविला.

या इतिहासांत आपल्या भ्रमाचा भाग किती आणि शेजाऱ्याच्या अपराधाचा किती, हें वेगवेगळें करून पाहिलें पाहिजे. 'भाऊ' म्हणजे प्रसंगीं आपलें हित सोडून जो दुसऱ्याचें हित पाहतो तो. व्यक्तीस हें शक्य असतें, कारण ती जें सोडते तें तिचें स्वतःचें असतें. राज्यकर्त्यांची गोष्ट निराळी. ते विश्वस्त असतात. अज्ञान पुतण्याच्या इस्टेटीवर नेमलेला चुलता त्या इस्टेटींतून औदार्य दाखवूं लागला, तर आपण त्यास उदार म्हणणार नाहीं. अफरातफर करणारा म्हणूं. म्हणून एका राष्ट्रानें दुसऱ्यावर भावाप्रमाणें प्रेम करावें ही अपेक्षाच अयोग्य होय. सीमेला लागून असलेल्या राजास स्वभावतःच शत्रु मानणाऱ्या कौटिल्यास तरी याहून निराळें काय सांगावयाचें होतें? बंधुत्वाचा भंग झाला म्हणून जें दुःख आपण करितों, तें आपल्याच कल्पनेच्या भंगाचें दुःख आहे.

परंतु येथें थांबून 'राजकारणांत नीति नसतेच' असा निष्कर्ष काढणारे पुष्कळ आहेत, आणि तो आम्हांस पहिल्या भ्रमाइतकाच भ्रामक वाटतो. विश्वस्तास औदार्य करतां येत नाहीं हें खरें. पण म्हणून शेजाऱ्याचा बांध कोरण्याची वा दिलेला शब्द मोडण्याची मुभा त्यास मिळत नाहीं. सीमेची आंखणी वादग्रस्त होती, १९६१ च्या अखेरीस आपणहि पुढें चौक्या बसविण्याचें धोरण स्वीकारलें होतें, हें सर्व मान्य केलें, तरी वाद सैन्यबळानें निकालांत काढण्याचा प्रयत्न हा अपराधच राहतो. शांतता राखण्याविषयीं १९९३ व १९९६ सालीं करार झाले असतां १५ जून २०२० रोजीं गलवान खोऱ्यांत वीस भारतीय सैनिक प्राणांस मुकले, याविषयींची आपली तक्रारहि मैत्रीवर अवलंबून नाहीं. ती शब्दाची तक्रार आहे; म्हणूनच ती न्याय्य आहे.

भोळा मनुष्य म्हणतो, 'विश्वास आहे, पाहारा कशाला?' भ्रमनिरास झालेला म्हणतो, 'सारेच लबाड, पारख कशाला?' दोघेहि सावधपणें पाहण्याचे श्रम टाळतात. दुसऱ्याच्या हातून आणखी एक अन्याय घडतो: राज्यावरील राग तो प्रजेवर काढतो. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ सालीं काँग्रेसनें पाठविलेल्या पांच डॉक्टरांच्या पथकांतून चीनला गेले, आणि तेथील जखमी सैनिकांची शुश्रूषा करीत ९ डिसेंबर १९४२ रोजीं, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षीं, तेथेंच वारले. १९६२ नें त्या सेवेचें मोल उणें झालें नाहीं. त्यांनीं जें दिलें तें त्यांचें स्वतःचें होतें.

हा न्याय खरा असेल तर तो आपणांसहि लागू पडला पाहिजे. उत्तरेकडे पाहतांना आपण पीडित असूं. पण नेपाळच्या दृष्टीनें बलाढ्य शेजारी आपणच आहोंत. २०१५ च्या एप्रिलमधील भूकंपांत भारत तत्काळ मदतीस धांवला. त्याच वर्षीं २० सप्टेंबरला नेपाळनें नवी राज्यघटना जाहीर केली; ती दिल्लीस रुचली नाहीं, आणि लवकरच सीमेवरील वाहतूक अडली. पेट्रोल, स्वयंपाकाचा गॅस, औषधें यांची टंचाई कित्येक महिने चालली. ही नाकेबंदी नसून नेपाळमधीलच मधेशी आंदोलनाचा परिणाम आहे, असें भारत सरकार म्हणत राहिलें. पुष्कळ नेपाळी लोकांस तें पटलें नाहीं. पुढील मार्चमध्यें नेपाळनें चीनशीं मालवाहतुकीचा करार केला. भूकंपग्रस्त गांवांत चुलीसाठीं लाकडें गोळा करणाऱ्या नेपाळी गृहिणीनें 'विश्वासघात' हा शब्द उच्चारला असेल, तर तिला आपण काय उत्तर देणार? राष्ट्रांना मैत्री नसते, असें सांगून तिची बोळवण करावयाची असेल, तर चीनविषयींची आपली तक्रारहि आपणांस मागें घ्यावी लागेल.

शेजाऱ्याकडून प्रेम मागूं नये, शब्द मागावा. आणि तो मागण्याचा अधिकार ज्यास टिकवावयाचा आहे, त्यानें आपल्याहून दुर्बळ असलेल्या शेजाऱ्यास दिलेला शब्द आधीं पाळावा.