झडती कोणाची?

अमेरिकेतील मायामी बंदरातून कॅरिबियन समुद्राच्या विहारासाठी जी प्रचंड प्रवासी जहाजे निघतात, त्यांवर पाऊल ठेवण्यापूर्वी प्रवाशाच्या सामानाची कसून तपासणी होते. मोठ्या बॅगा धक्क्यावरील हमालांच्या स्वाधीन कराव्या लागतात. त्या क्ष-किरण यंत्रातून जातात आणि मागाहून ज्याच्या त्याच्या केबिनच्या दाराशी येऊन पोहोचतात. एखाद्या बॅगेत बाटलीसारखी आकृती दिसली, तर ती बॅग दाराशी येत नाही. तिच्या मालकाला सुरक्षा विभागात बोलावणे जाते आणि रक्षकांसमोर स्वतःच्या हाताने कुलूप काढून त्याला आतील वस्तू दाखवाव्या लागतात.

या शोधाचा विषय पुष्कळदा शस्त्र नसते, दारू असते. कार्निव्हल कंपनीच्या जहाजांवर २१ वर्षांवरील प्रवाशाला ७५० मिलिलिटरची वाइनची अथवा शॅम्पेनची एकच सीलबंद बाटली नेता येते. तीही हातातील बॅगेतून आणि सफरीच्या पहिल्याच दिवशी. रॉयल कॅरिबियन कंपनीचा नियमही जवळजवळ असाच आहे. रम, व्हिस्की, बिअर पूर्णतः वर्ज्य. वाटेतील एखाद्या बेटावर हौसेने रमची बाटली घेतली, तर ती जहाजावर चढतानाच ताब्यात घेतली जाते आणि सफर संपताना परत मिळते. जुलै २०१५पासून कार्निव्हलने बाटलीबंद पाणी व बाटलीतील शीतपेये आणण्यासही बंदी केली, कारण पाण्याच्या बाटल्यांतून पाणीच येते अशी खात्री उरली नव्हती.

प्रवाशांनी या नियमांवर शोधलेले उपाय मनोरंजक आहेत. गुळण्या करण्याच्या औषधाची बाटली रिकामी करून तीत व्होडका भरायची आणि खाण्याचा हिरवा रंग टाकून ती मूळ औषधासारखी दिसेल अशी करायची. उन्हाच्या मलमाच्या किंवा शाम्पूच्या बाटल्यांसारख्या दिसणाऱ्या पोकळ बाटल्या बाजारात मिळतात. क्ष-किरणांत सहज ओळखू येऊ नयेत अशा मऊ प्लॅस्टिकच्या पिशव्याही मिळतात. आणि हे करणारी माणसे काही अट्टल गुन्हेगार नव्हेत. दुकानदाराने चुकून जास्त सुटे पैसे दिले तर ते परत करणारी, मुलांना खोटे बोलू नये म्हणून बजावणारी, सरळ संसारी माणसे आहेत ती. या एका बाबतीत मात्र त्यांच्या मनाला टोचणी लागत नाही. ती का लागत नाही आणि लागावी की नाही, हा प्रश्न आम्हांला विचार करण्याजोगा वाटतो.

प्रथम जहाजाची बाजू ऐकू या. ७ ऑक्टोबर १९८५ रोजी इजिप्तजवळच्या समुद्रात ‘आकिले लाउरो’ हे इटालियन प्रवासी जहाज चार सशस्त्र पॅलेस्टिनी तरुणांनी ताब्यात घेतले. ते जेनोआ बंदरातून साध्या प्रवाशांप्रमाणे जहाजावर चढले होते आणि शस्त्रे त्यांच्या सामानात होती. चाकांच्या खुर्चीत बसलेल्या एका ६९ वर्षांच्या अमेरिकन प्रवाशाला त्यांनी गोळ्या घातल्या आणि त्याचा देह खुर्चीसकट समुद्रात लोटून दिला. समुद्रप्रवाशांच्या सामानाकडे जग गांभीर्याने पाहू लागले ते या घटनेनंतर. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने त्याच वर्षी याविषयी ठराव केला. १९८८ साली रोम येथे करार झाला. आणि २००१च्या सप्टेंबरमधील हल्ल्यांनंतर तयार झालेली जहाजे व बंदरे यांची सुरक्षा संहिता १ जुलै २००४ पासून अमलात आली.

शस्त्राइतकेच भय आगीचे असते. मार्च २००६ मध्ये जमैकाच्या वाटेवर असलेल्या ‘स्टार प्रिन्सेस’ या जहाजाला आग लागली आणि एक प्रवासी दगावला. न विझवता टाकलेल्या सिगारेटमुळे ती लागली असावी असा चौकशीचा निष्कर्ष होता. भर समुद्रात बंब येत नाही आणि शेजारीही धावून येत नाहीत. म्हणून कपड्यांची इस्त्री, मेणबत्ती, पाणी तापवण्याची किटली असल्या घरगुती वस्तूही सामानातून काढून घेतल्या जातात. त्याबद्दल कोणी कुरकुरले, तर त्याने आपल्या भिंतीपलीकडे झोपलेल्या अनोळखी कुटुंबाचा विचार करावा.

दारूच्या बाबतीतही काही खरे सांगण्यासारखे आहेच. अति प्यालेला माणूस कठड्यावरून तोल जाऊन पडतो, भांडतो, कोणाच्या अंगावर हात टाकतो. प्रवासी जहाजांवर घडणाऱ्या गुन्ह्यांबाबत अमेरिकेला २०१० साली स्वतंत्र कायदा करावा लागला, हे विसरता येत नाही. आपण विकलेल्या पेल्यांची मोजदाद जहाजाला ठेवता येते. केबिनमध्ये लपवलेल्या बाटलीची नाही.

येथवर कंपनीचे म्हणणे आम्हांला मान्य आहे. परंतु पुढचा हिशेब पाहिला, की मन साशंक होते. जी कार्निव्हल कंपनी प्रवाशाची रमची बाटली धोक्याची मानते, तीच कंपनी आगाऊ रक्कम घेऊन पेयांची योजना विकते; आणि त्या योजनेत चोवीस तासांत मद्याच्या १५ पेयांपर्यंत मुभा असते! शिवाय एका केबिनमधील एका प्रौढाने योजना घेतली, तर इतर प्रौढांनीही ती घ्यावी असा नियम आहे. म्हणजे पतीच्या पेल्यासाठी न पिणाऱ्या पत्नीनेही पैसे मोजायचे. तिकीट स्वस्त दिसावे आणि जहाजावर पाऊल ठेवल्यानंतर खिसा सैल व्हावा, अशी या धंद्याची घडण आहे. कार्निव्हलच्या एकूण उत्पन्नाचा सुमारे एकतृतीयांश भाग तिकिटांबाहेरच्या विक्रीतून येतो, आणि मद्यविक्री हा त्यातील एक मोठा वाटा. तेव्हा आक्षेप दारूला नसून दुसऱ्याकडून विकत घेतलेल्या दारूला आहे, असे कोणी म्हटले तर त्याला खोडून काढणे कठीण आहे.

यावर कंपनी म्हणेल, की प्रवाशाने हे सर्व आधीच मान्य केले आहे. तिकीट म्हणजे करार. झडतीला संमती त्यातच आली. कायद्याने हे खरे आहे. १९९१ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे याच कंपनीचा एक खटला आला होता. वॉशिंग्टन राज्यातील एक प्रवासी स्त्री जहाजावर पाय घसरून पडली आणि पतीसह तिने आपल्याच राज्यात दावा लावला. दावा फ्लोरिडातच लावावा असे तिकिटावर बारीक अक्षरांत छापलेले होते, आणि ते तिकीट पैसे भरून झाल्यानंतर त्या दांपत्याच्या हाती पडले होते. बहुमताने न्यायालयाने ती अट ग्राह्य धरली. न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांनी मात्र विरोधी मत लिहिले आणि ती बारीक अक्षरे वाचकाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहावीत म्हणून तिकिटाची प्रतच आपल्या निकालपत्राला जोडली. संमती दिली जाणे आणि संमती छापून ठेवलेली असणे यांतील अंतर दाखवण्यास यापरती चांगली रीत आम्हांला ठाऊक नाही.

मग नियमामागे स्वार्थ आहे आणि संमती नावापुरती आहे, असे असताना त्या हिरव्या बाटलीत वाईट ते काय? हा युक्तिवाद वाटतो तितका उथळ नाही. त्याला जुने कूळ आहे. कोइंब्रा विद्यापीठात शिकवणारे स्पॅनिश येशूसंघीय तत्त्वज्ञ फ्रान्सिस्को सुआरेझ यांनी १६१२ साली प्रसिद्ध झालेल्या कायद्यावरील आपल्या ग्रंथात निव्वळ दंडात्मक कायद्यांचा विचार केला आहे. काही कायदे असे असतात, की ते पाळा अथवा मोडून त्याचा दंड भरा, एवढेच त्यांचे मागणे असते. सदसद्विवेकावर त्यांचा भार पडत नाही. पुढील काळातील नीतिशास्त्रज्ञांनी यावर पुष्कळ वाद घातला, आणि जकात चुकवणे हे त्या वादातील नेहमीचे उदाहरण होते. त्या दृष्टीने पाहिले तर जहाजावरची बाटली म्हणजे आधुनिक जकात. पकडली गेली तर गेली; दंड भरला, हिशेब मिटला.

सुआरेझ यांची ही कसोटी आम्ही मोडीत काढू इच्छित नाही. समजा, एखाद्याने रमची बाटली कपड्यांत गुंडाळून सरळ बॅगेत ठेवली आणि रक्षकाने विचारताच “होय, आहे, न्यायची तर न्या,” असे म्हटले. त्याने नियम मोडला, पण कोणाला फसवले नाही. त्याच्यापुढे दंड उभा आहे आणि तो स्वीकारण्यास तो तयार आहे. त्याला आम्ही फार दोष देणार नाही. गुळण्यांच्या बाटलीत व्होडका भरणाऱ्याची गोष्ट मात्र वेगळी. त्याने दंडाची शक्यताच नाहीशी करण्याचा घाट घातला आहे, आणि त्यासाठी एका वस्तूला दुसरीचे सोंग दिले आहे. ‘पाळा अथवा दंड भरा’ या दोन वाटांपैकी त्याने कोणतीच घेतली नाही. म्हणून या मताचा आसरा त्याला मिळत नाही.

शिवाय ही फसवणूक होते कोणाची? प्रवासी समजतो, की कंपनीची. परंतु कंपनी मायामीच्या धक्क्यावर उभी नसते. तेथे उभा असतो यंत्राच्या पडद्याकडे तासन्‌तास पाहणारा एक पगारी माणूस. केबिनमध्ये कंपनी येत नाही. रोज केबिन आवरण्यासाठी येतो तो स्ट्यूअर्ड. तो कदाचित फिलिपिन्सचा असेल, कदाचित इंडोनेशियाचा. कदाचित आपल्या मडगावचा किंवा वसईचाही असेल. बोटीवर नोकरीला गेलेले कोणी माहीत नाही, असे कुटुंब आपल्याकडे शोधावेच लागेल. कपाटात लपवलेली बाटली त्याच्या दृष्टीस पडते, तेव्हा त्याच्यापुढे पेच उभा राहतो. वरिष्ठांना सांगावे, तर पाहुणा रुसतो. न सांगावे, तर आपल्या नोकरीला धोका. काही महिन्यांच्या कंत्राटावर घरापासून हजारो मैल दूर राबणाऱ्या माणसावर हा पेच लादायचा आणि त्याला कंपनीविरुद्धचे बंड म्हणायचे, यात शौर्य कोणते? खलाशांना तर मद्याबाबत आंतरराष्ट्रीय नियमच लागू आहे: २०१० साली मनिला येथे झालेल्या दुरुस्तीनुसार कामावर असताना रक्तातील मद्याचे प्रमाण ०.०५ टक्क्यांवर जाता कामा नये. पाहुण्याची गंमत आणि नोकराची शिस्त एकाच जहाजावर शेजारी शेजारी राहतात.

असे असले तरी सगळा दोष प्रवाशाच्या पदरात टाकून आम्ही मोकळे होऊ इच्छित नाही. आमच्या मते कंपनीचा दोष अधिक खोल आहे. नफा मिळवणे हा तो दोष नव्हे. खाणावळीत बाहेरचे जेवण आणू देत नाहीत, त्यास कोणी अन्याय म्हणत नाही. दोष आहे तो एकाच रांगेत, एकाच यंत्राने, एकाच गणवेशातील माणसाकडून प्राणरक्षण आणि विक्रीरक्षण ही दोन्ही कामे करून घेण्यात, आणि दोहोंना ‘सुरक्षा’ हे एकच नाव देण्यात. सुरक्षा लोकांच्या विश्वासावर उभी असते. हा रक्षक माझ्या आणि माझ्या मुलांच्या जिवासाठी माझी बॅग उघडतो आहे, या श्रद्धेने माणूस ती आनंदाने उघडून देतो. त्याच रक्षकाला दुकानाचा राखणदार केले, की ही श्रद्धा विरते. मग झडती चुकवणे हा खेळ होतो. आज व्होडकेसाठी जी पोकळ बाटली विकली जाते, ती उद्या दुसऱ्या कशासाठी वापरली जाणार नाही, याची हमी कोण देणार? ‘आकिले लाउरो’च्या दुर्घटनेतून जगाने जी सावधता कमावली, ती पेल्यांच्या हिशेबात खर्च होऊ नये.

हे आपल्यापासून फार दूरचे आहे असेही नाही. महाराष्ट्रात १९४९चा दारूबंदी कायदा आजही आहे; मद्य बाळगण्यास आणि पिण्यास परवाना लागतो. तो किती जण काढतात, हे प्रत्येकाने आपल्या ओळखीच्या घरांत विचारून पाहावे. गोव्याहून परतणाऱ्या गाडीत आसनाखाली बाटल्या दडवणारा माणूस नाक्यावरच्या शिपायाला “काही नाही साहेब, काजू आहेत,” असे सांगतो, तेव्हा त्याचाही युक्तिवाद तोच असतो: सरकारला आमच्या आरोग्याची नव्हे, महसुलाची काळजी. त्यात तथ्य असेलही. परंतु मागच्या आसनावर बसलेली मुले महसुलाचे धोरण ऐकत नसतात. त्यांच्या कानी पडते ते वडिलांचे वाक्य.

तेव्हा वाचकहो, नियम करणाऱ्याचा हेतू शुद्ध नाही, एवढ्यावरून आपले खोटे शुद्ध होत नाही. ज्याला नियम अन्यायाचा वाटतो त्याच्यापुढे सरळ मार्ग आहेत. त्याने तक्रार लिहावी, पेयांची योजना नाकारावी, साधे पाणी प्यावे, अथवा ते जहाजच सोडून दुसरे निवडावे. जलविहार ही काही जीवनावश्यक गोष्ट नव्हे. येथे उपाशी मुलासाठी भाकरी चोरणाऱ्या बापाचा प्रश्न नाही. आणि जहाजाच्या मालकांनी एवढेच करावे: प्राणरक्षणाचे नियम एका कागदावर छापावेत, दुकानदारीचे दुसऱ्या कागदावर, आणि दोन्ही कागद पैसे घेण्यापूर्वी हाती द्यावेत. पहिल्या कागदासाठी बॅग उघडण्यास कोणी कुरकुरणार नाही. दुसऱ्यासाठी कोणी कुरकुरले, तर निदान ते उघडपणे कुरकुरेल, आणि त्या यंत्रापाशी उभ्या असलेल्या माणसाशी खोटे बोलण्याचे त्याला कारण उरणार नाही.