वात पालटते, उरतें काय?

दिव्याच्या सर्व अंगांत वात हें सर्वांत क्षुद्र अंग होय. समई पितळेची असते, पिढ्यान्‌पिढ्या घरांत राहते, वांटणीच्या वेळीं तिच्यावरून भावाभावांत चार शब्दहि होतात. तेलास बाजारभाव असतो. ज्योतीस तर आपण हात जोडतों. वातीस मात्र कोणी विचारीत नाहीं. कापसाचा एवढासा तंतु. तो तेल वर चढवितो, स्वतः थोडथोडा जळतो, काजळी धरतो, आणि दुसऱ्या दिवशीं टाकून दिला जातो. आमच्या घरांतील वडील स्त्रिया चातुर्मासांत दुपारच्या वेळीं फुलवाती वळीत बसत, आणि कोणी लक्ष वातींचा संकल्पहि करीत. हलका हात, नियमितपणा, धीर, काटकसर इतके गुण त्या क्षुद्र कामांत लागत. ह्या निमित्तानें एक प्रश्न आम्हांस वाचकांपुढें मांडावयाचा आहे. एखादी वस्तु नीट राखणें, तिचें झिजलेलें अंग वेळेवर पालटणें, हा स्वतःच्या बळावर सद्‌गुण आहे काय? कीं ती वस्तु कशासाठीं राखली जाते ह्यावर त्याचें मोल ठरतें?

हा प्रश्न आमच्यापुढें आला तो एका माजी विद्यार्थ्याच्या पत्रामुळें. तो नोकरीनिमित्त इंग्लंडांत राहतो. सिगारेट सोडण्याच्या इराद्यानें त्यानें तेथें इलेक्ट्रॉनिक सिगारेट घेतली, आणि पुढें तिचा तो प्रकार धरला कीं ज्याचें आंतील अंग वापरणारानें स्वतःच्या हातांनीं बांधावयाचें असतें. आपल्याकडे सप्टेंबर २०१९ मध्यें वटहुकमानें व त्याच सालच्या डिसेंबरांत कायद्यानें अशा यंत्राचें उत्पादन, आयात, विक्री, सांठवण व जाहिरात हीं सर्व बंद झालीं. पुष्कळ वाचकांनीं तें यंत्र पाहिलेंहि नसेल. म्हणून त्याची रचना थोडक्यांत सांगतों.

एक विद्युत्‌घट, व त्यावर बसविलेली एक लहानशी डबी. डबींत दोन खांब. त्यांना बारीक तारेच्या वेटोळ्याचीं दोन टोंकें स्क्रूनें आवळलेलीं. ही तार बहुधा निकेल व क्रोमियम ह्यांच्या, किंवा लोखंड, क्रोमियम व ॲल्युमिनियम ह्यांच्या मिश्र धातूची. म्हणजे विजेच्या शेगडींत असते त्याच जातीची. वेटोळ्याच्या पोकळींतून कापसाची वात ओंवलेली असते, आणि तिचीं टोंकें रसांत भिजत राहतात. ह्या रसांत ग्लिसरीन, प्रॉपिलीन ग्लायकॉल, सुगंधी द्रव्यें व निकोटिन असतें. ज्या केशाकर्षणानें समईंतील तेल वातींतून चढतें, त्याच केशाकर्षणानें हा रस तारेपर्यंत चढतो. कळ दाबली कीं तार तापते, रसाची वाफ होते, व ती ओढली जाते. कापूस ठांसून भरला तर रस चढत नाहीं व वात करपते; सैल राहिला तर रस गळतो. रसांतील गोड द्रव्यें जळून तारेवर काळा थर बसतो. मग जुना कापूस काढावयाचा, तार कोरडीच तापवून तो थर जाळावयाचा, ती धुवावयाची, नवा कापूस ओंवावयाचा; आणि पुढें तारहि निकामी झाली म्हणजे नवें वेटोळें वळून त्याचा विद्युत्‌रोध मापून पाहावयाचा. कोरडी वात फार तापली तर वाफेंत फॉर्मॅल्डिहाइडसारखीं घातक द्रव्यें उतरतात. तेव्हां ही निगा हौसेचीच आहे असेंहि म्हणतां येत नाहीं.

आमचा विद्यार्थी हें सर्व दर रविवारीं सकाळीं करतो. कॉलेजांत असतांना ज्याच्या वहीचीं पानें कधीं एका जागीं सांपडलीं नाहींत, तो आतां कापसाचा तंतु कोणत्या कोनांत कातरावा ह्यावर दोन पानें लिहितो. शेवटीं त्यानें विचारलें आहे कीं, “सर, तुम्ही आम्हांला कोणतेंहि काम मन लावून करावें असें शिकवीत होतां. मी हें काम मन लावून करतों. मग ह्यांत कांहीं चांगलें आहे कीं नाहीं, तें मोकळेपणानें सांगा.”

‘व्यसन तें व्यसन’ असें म्हणून पत्र मिटणें सोपें होतें; परंतु तें उत्तर झालें नसतें. विद्यार्थ्यानें व्यसनाविषयीं विचारलेलेंच नाहीं. त्यानें निगेविषयीं विचारलें आहे. आणि निगा ही खरी आहे. चोराच्या हातचें कसब हें कसबच असतें. तें नाकारणें म्हणजे डोळे मिटून नीति सांगणें होय.

प्रथम निगेचें स्वरूप पाहूं. युरोपांत एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत मेणबत्तीची वात वारंवार कातरावी लागे. न कातरली तर ती लांबून काळी पडे व ज्योत धुरकट होई. त्यासाठीं निराळ्या कात्र्या असत, आणि मोठ्या घरांत तें काम करणारीं माणसेंहि असत. १८२५ च्या सुमारास कांबासेरे नांवाच्या फ्रेंच गृहस्थानें वेणीसारखी विणलेली वात काढली. ती जळतांना वांकून ज्योतीच्या कडेस येते व तेथें तिची आपोआप राख होते. कात्र्या अडगळींत गेल्या. त्या निगेबरोबर जगांतून एक सद्‌गुण नाहींसा झाला असें म्हणून कोणी शोक केल्याचें आमच्या ऐकण्यांत नाहीं. आपल्याकडेहि गांवोगांव वीज आली व कंदिलाची कांच राखेनें पुसण्याचें काम संपलें, तेव्हां कोणी सुतक पाळलें नाहीं. ह्याचा अर्थ उघड आहे. निगा ही सेविका आहे. तिची योग्यता तिच्या धन्यावरून येते. आणि येथें धनी होता तो प्रकाश.

परंतु एवढ्यानें विषय संपत नाहीं. निगेचा एक हिशेब वस्तूशीं असतो, तसा दुसरा निगा करणाराशीं असतो. वाती वळणाऱ्या वृद्धेच्या हातून देवापुढें उजेड पडे, तसेंच तिच्या स्वतःच्या मनासहि वळण लागे. विद्यार्थ्याचा दावा ह्या दुसऱ्या हिशेबावर आहे. तो म्हणतो, “यंत्र कसेंहि असो, मी सुधारलों.” तेव्हां ह्या सर्व पालटापालटींत ‘मी’ म्हणून जें टिकतें तें काय, हें पाहणें प्राप्त आहे.

हा प्रश्न जुना आहे. थीसियसचें जहाज अथेन्सच्या लोकांनीं शतकानुशतकें जतन केलें. कुजलेली फळी काढावी व नवी बसवावी असें करीत गेले. मग तें जहाज तेंच कीं दुसरें, ह्यावर तत्त्ववेत्ते वाद घालीत, असें प्लूटार्क सांगतो. सतराव्या शतकांत हॉब्जनें त्यांत भर घातली, ती अशी कीं, काढलेल्या जुन्या फळ्या कोणी गोळा करून पुन्हा जोडल्या, तर खरें जहाज कोणतें? आपल्या पाली वाङ्‌मयांत, मिलिंदपञ्हांत, नागसेन यवन राजास दिव्याचाच दृष्टांत देतो. रात्रीच्या पहिल्या प्रहरीं जळणारी ज्योत व शेवटच्या प्रहरीं जळणारी ज्योत एकच नव्हे, आणि अगदीं निराळीहि नव्हे. त्याच दिव्याच्या आश्रयानें रात्रभर एक परंपरा चालू राहते. आम्हांस हें उत्तर अधिक पटतें, कारण तें वस्तु शोधीत बसत नाहीं. काय चालू राहिलें हें विचारतें. विद्यार्थ्याच्या यंत्रांत कापूस पालटला, तार पालटली, घट पालटला. एके दिवशीं डबीहि पालटेल. चालू काय राहिलें? चालू राहिली ती तलफ. तिच्या मानानें यंत्राचे सर्व भाग तात्पुरते आहेत.

ह्या ठिकाणीं आम्हांस एका गांवाचें स्मरण होतें. पुणें जिल्ह्यांत, आजच्या बारामती तालुक्यांत, सुपें हें पर्जन्यछायेंतील जुनें बाजाराचें गांव आहे. शहाजीराजांच्या पुणें व सुपें ह्या जहागिरीमुळें इतिहासाच्या वाचकांस त्याचें नांव परिचित असतें. परंतु आम्हांस येथें त्याची दुसरी आठवण काढावयाची आहे. १८५९ सालीं सरकारनें मुदतीचा कायदा केला. कर्जरोख्याची कायदेशीर मुदत तीन वर्षें ठरली. हेतु चांगला होता. व्याज वर्षानुवर्षें सांचत जाऊं नये, असा तो होता. झालें उलट. तीन वर्षें भरत आलीं कीं सावकार कुळास बोलावी व नवा रोखा लिहून घेई. जुनें मुद्दल व त्यावर थकलेलें व्याज हीं दोन्ही मिळून नव्या रोख्याचें मुद्दल होई, आणि त्यावर नवें व्याज धांवूं लागे. कागद नवा, शाई नवी, तारीख नवी. ऋण तेंच, किंबहुना अधिक लठ्ठ. १८६१ ते १८६५ पर्यंत अमेरिकेंत यादवी चालू असतां आपल्या कापसास भाव आला व उसनवारी सुलभ झाली. युद्ध संपतांच सावकारानें हात आंखडला, आणि सरकारनें शेतसारा वाढविला. अखेर १२ मे १८७५ रोजीं आसपासच्या खेड्यांतील रयत सुप्यास जमली. तिनें सावकारांकडे वह्या व रोखे मागितले, आणि हातीं आले ते जाळले. दुकानें लुटलीं गेलीं, कांहीं घरांसहि आगी लागल्या. दंग्याचें लोण पुणें व अहमदनगर ह्या दोन जिल्ह्यांत पसरलें.

दंगा न्याय्य होता कीं नव्हता, हा आजचा विषय नव्हे. आमचें लक्ष त्याच्या मागून आलेल्या कायद्याकडे आहे. सरकारनें चौकशीसाठीं मंडळ नेमलें, त्याचा अहवाल १८७८ सालीं पार्लमेंटपुढें गेला, आणि १८७९ सालीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्यानें न्यायाधीशास एक महत्त्वाचा अधिकार दिला. पुढें ठेवलेल्या रोख्यापाशींच न थांबतां त्याच्या मागें जावें, देण्याघेण्याचा मुळापासूनचा इतिहास काढावा, आणि खरें मुद्दल किती व व्याज किती हें निराळें करून पाहावें, असा तो अधिकार होता. कायद्याच्या भाषेंतील ही लहानशी सुधारणा आम्हांस नीतिशास्त्राचा मोठा धडा वाटते. नव्याकडे पाहून नूतनीकरणाची परीक्षा होत नाहीं. मागच्या हिशेबाकडे पाहून होते. प्रत्येक पालटाबरोबर मुद्दल उतरलें असेल तर ती फेड होय. चढलें किंवा तेवढेंच राहिलें असेल तर तें बंधन होय, मग कागद कितीहि स्वच्छ असो.

ही कसोटी आमच्या विद्यार्थ्याच्या बाजूनेंहि चालते, हें सांगणें न्यायाचें होईल. तो ज्या देशांत राहतो तेथील सरकारी आरोग्यसंस्थेनें २०१५ सालीं असें मत दिलें कीं, हें यंत्र सिगारेटीपेक्षां पुष्कळच कमी अपायकारक आहे. आणि २०२३ सालीं तर दहा लक्ष धूम्रपान करणारांस तीं पुरविण्याची योजना तेथें जाहीर झाली. तंबाखूच्या धुरांतून सुटूं पाहणारास हें यंत्र पायरीसारखें असूं शकेल. ज्यानें दर कांहीं महिन्यांनीं रसांतील निकोटिन उतरवीत नेलें, त्याची प्रत्येक नवी वात हा एक हप्ता फेडल्यासारखाच आहे. अशा माणसाची रविवारची निगा आम्ही मनापासून वाखाणूं. उलट, ज्या शाळकरी मुलानें कधीं सिगारेट ओढलीच नाहीं व फळांच्या वासास भुलून हें यंत्र हातीं धरलें, त्याच्यावर पूर्वीचें कांहीं ऋण नव्हतें. त्याची पहिली वात हाच पहिला रोखा.

विद्यार्थ्याचें पत्र आम्हीं पुन्हा काढून वाचलें. कापसाची जात त्यांत आहे, तारेची जाडी आहे, वेढ्यांची संख्या आहे, रोध किती ओहम हें दशांशापर्यंत आहे. निकोटिनाचें प्रमाण मात्र कोठेंहि नाहीं. पूर्वी किती होतें, आज किती आहे, ह्याविषयीं एक ओळ नाहीं. आम्हीं उत्तरांत लिहिलें कीं, तुझ्या हाताचें कसब खरें आहे व तें दुसऱ्या शंभर कामीं येईल. परंतु तूं सर्व मोजतोस आणि मुद्दल तेवढें मोजीत नाहींस. तें एका वहींत मांड. आंकडा उतरत असेल तर तुझी निगा चांगली आहे. तो जागचा हलत नसेल, तर इतक्या सुबक रीतीनें तूं काय जपीत आहेस ह्याचा तूंच विचार कर.

हें उत्तर लिहितांना आम्हांस आमच्या स्वतःच्या वर्गाचें स्मरण झाल्यावांचून राहिलें नाहीं. सुशिक्षित कुटुंबांत निगेचा अभिमान फार. घर झाडलेलें, कागदपत्र लावलेले, वाढदिवस पाळलेले. पण त्याच नेटकेपणानें आपण कित्येक वैरेंहि जपतों. वडिलांच्या वेळीं जमिनीवरून दोन भावांत बोलणें बंद झालें. जमीन विकली गेली, भाऊ वारले, आणि त्यांचे नातू आज दुसऱ्याच कारणानें एकमेकांच्या लग्नास जात नाहींत. कारणाची वात नवी, अबोला जुना. आपल्या संस्थांचेंहि तसेंच. दरवर्षीं नवें कार्यकारी मंडळ, नवा अहवाल, नवें छायाचित्र. आणि ज्या कामासाठीं संस्था निघाली तें काम केव्हां थांबलें हें कोणास सांगतां येत नाहीं. टिकणें ह्यालाच आपण यश समजूं लागतों. खरोखर कांहीं वस्तु टिकल्या ह्याचें श्रेय आपल्या निगेस आहे. कांहीं वस्तु टिकल्या हा मात्र आपल्या निगेचा दोष आहे.

म्हणून निगेस नांवें ठेवावीत असें आमचें म्हणणें नाहीं. जी माणसें कांहींच राखीत नाहींत, त्यांच्या घरीं उजेडहि राहत नाहीं. आमचें मागणें इतकेंच आहे कीं, वात पालटण्याचा जो क्षण असतो, दिवा शांत आहे, जुनी वात काढली आहे आणि नवी अद्याप घातलेली नाहीं, तो क्षण घाईनें जाऊं देऊं नये. मागचा हिशेब पाहण्यास तेवढीच वेळ सोयीची असते. एकदां नवी वात भिजून पेटली, कीं मग ज्योत नेहमीप्रमाणें दिसूं लागते, आणि विचारण्यासारखें कांहीं होतें ह्याचीहि आठवण राहत नाहीं.